ग्रंथालयाच्या उघड्या दाराचा हिशेब : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : 'ड' वर्गातील सार्वजनिक ग्रंथालयांचे अनुदान व तपासणीचा नमुना यांच्या फेरविचाराबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांचा खडखडाट आणि विडीच्या तंबाखूचा वास यांच्या सोबतीने चालणाऱ्या एका 'ड' वर्ग, म्हणजे शासकीय वर्गवारीत सर्वांत खालच्या, ग्रंथालयाची मी ग्रंथपाल आहे. आमच्या वस्तीत घरात तेलुगू बोलली जाते, शाळेत मराठी, पलीकडच्या गल्लीत उर्दू आणि बाजारात या सगळ्यांबरोबर कन्नडही. त्यामुळे वाचकांपैकी कोणी मला ताई म्हणतात, कोणी अक्का, कोणी आपा. हे पत्र वैयक्तिक गाऱ्हाणे मांडण्यासाठी लिहिलेले नाही. लहान ग्रंथालयात सर्वाधिक खर्च होते ती दार उघडे ठेवून बसलेल्या माणसाची वेळ, आणि नेमकी तीच आपल्या विभागाच्या अनुदानात व तपासणीत कोठेही मोजली जात नाही, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला. लोकांनी संस्था स्थापन करावी, शासनाने तिला मान्यता व अनुदान द्यावे, ही त्यामागची व्यवस्था मला आजही शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळेच आमच्यासारख्या वस्तीत एका खोलीचे का होईना, ग्रंथालय उभे राहू शकले. परंतु या व्यवस्थेतील अ, ब, क, ड या उतरंडीच्या तळाशी काय उरते तेही पाहावे. काही वर्षांपूर्वी अनुदानात 60 टक्के वाढ झाली तेव्हा वृत्तपत्रांत ठळक बातम्या आल्या आणि आम्हीही पेढे वाटले; त्या वाढीने 'ड' वर्गाचे वार्षिक अनुदान 30,000 रुपयांवरून 48,000 रुपयांवर गेले. यातील निम्मी रक्कम वेतनासाठी आणि निम्मी वेतनेतर खर्चासाठी धरली, तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला 2,000 रुपये येतात आणि उरलेल्या तेवढ्याच रकमेत ग्रंथखरेदी, वृत्तपत्रे, नियतकालिके, वीजबिल, जागेचे भाडे, बांधणी व लेखापरीक्षणाचा खर्च बसवावा लागतो. माझ्यासमोर बसून विड्या वळणारी बाई महिनाअखेर माझ्यापेक्षा अधिक कमावते. तिच्या मजुरीचा मला हेवा नाही, कारण ती मजुरीही अपुरीच आहे. मात्र ग्रंथालय चळवळ सेवाभावावर उभी असल्याचे व्यासपीठावरून सांगितले जाते तेव्हा खाली बसलेले ग्रंथपाल एकमेकांकडे कसे पाहतात, ते व्यासपीठावरून कदाचित दिसत नसावे.

आता वेळेविषयी. सोलापूरला उजनीचे पाणी येते आणि ते रोज येत नाही. अनेक भागांत ते काही दिवसांच्या अंतराने येते, हे आपणांस ठाऊक असेलच. ज्या दिवशी आमच्या भागात पाणी असते त्या दिवशी घरातील सर्व भांडी भरून होईपर्यंत एकही स्त्री ग्रंथालयाकडे फिरकू शकत नाही आणि शाळेतून आलेली मुलेही घागरी उचलण्यात गुंततात, म्हणून त्या दिवशी मी संध्याकाळी उशिरापर्यंत बसते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याखाली बसणे अशक्य होते, तेव्हा वेळ पुन्हा बदलते. ग्रंथालयाची वेळ वस्तीच्या वेळेला जुळवून घेतली तरच वाचक येतो, ही साधी बाब मला कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकवली गेली नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या 1931 सालच्या पाच सूत्रांपैकी 'वाचकाचा वेळ वाचवा' हे चौथे सूत्र मात्र पाठ करून घेतले होते, आणि ते येथे मला रोज आठवते.

ग्रंथालयात येते कोण? सकाळी वृत्तपत्रांसाठी जुने गिरणी कामगार येतात. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षे लोटली, तरी पाळीची सवय सुटलेली नाही, भोंगा वाजल्यासारखे ठरल्या वेळी येतात आणि अग्रलेखावर वाद घालून ठरल्या वेळी उठतात. दुपारनंतर स्पर्धा परीक्षांची मुले येतात. त्यांच्याविषयी थोडे स्पष्ट लिहिते : त्यांना आमची पुस्तके नको असतात, टेबल, खुर्ची, पंखा आणि शांतता हवी असते. ती त्यांची खरी गरज आहे आणि त्यांच्या शुल्कामुळेच अनेक लहान ग्रंथालयांचे वीजबिल भरले जाते; परंतु अभ्यासिकेच्या खुर्च्या वाढवण्यासाठी बालविभागाचे कपाट व्हरांड्यात ढकलले जात असेल, तर आपण ग्रंथालय चालवतो आहोत की अभ्यासाची खोली भाड्याने देतो आहोत, याचा निर्णय केव्हातरी करावा लागेल.

ज्यांची गणना कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही अशा वाचक मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. कारखान्यातून तंबाखू व पाने आणून घरी विड्या वळणाऱ्या या स्त्रिया. त्यांचे दोन्ही हात आणि डोळे कामात असतात, कान मात्र मोकळे असतात. त्यामुळे आठवड्यातून काही संध्याकाळी आम्ही मोठ्याने वाचतो. त्या सूप मांडीवर घेऊन ओळीने बसतात, मी किंवा दहावीतील एखादी मुलगी वाचते, आणि एखादे वाक्य अवघड गेले तर त्यांच्यापैकीच कोणीतरी ते तेलुगूत सांगते. श्रावणात पोथी ऐकण्याची सवय असलेल्या घरांना एकाने वाचावे व दहांनी ऐकावे यात नवे काही वाटत नाही. क्यूबातील सिगारच्या कारखान्यांतही 1865 पासून अशी प्रथा आहे. तेथे कामगार स्वतःच्या मजुरीतून पैसे काढून वाचणाऱ्याला देत असत आणि काय वाचावे हेही तेच ठरवत. आमच्याकडेही निवड बायकाच करतात. त्यांना दुःखी शेवटाच्या कादंबऱ्या आवडत नाहीत, प्रवासवर्णने आवडतात, आणि पाककृतींच्या पुस्तकाला त्या इतक्या हसतात की पुढचे वाचन थांबवावे लागते.

एकदा त्यांच्यातील एकीच्या आग्रहावरून आम्ही विडी व सिगार कामगारांसंबंधीच्या, तेव्हा लागू असलेल्या 1966 सालच्या कायद्याची माहिती वाचली. कारखान्याच्या आवारात पाऊल न टाकता, दिलेल्या कच्च्या मालापासून घरी बसून विड्या वळणारी व्यक्तीही त्या कायद्याच्या व्याख्येत कामगारच आहे, हे वाक्य ऐकल्यावर त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावले. त्यानंतर ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, भविष्य निर्वाह निधीतील नावाची दुरुस्ती अशी कागदपत्रे घेऊन त्या येऊ लागल्या. अर्ज भरून देणे हे ग्रंथपालाचे काम नाही, असे मला एका परिचिताने सुनावले. माझे मत वेगळे आहे. ज्या स्त्रीला आपल्या नावावर आलेला कागद प्रथमच कोणाच्या मदतीने का होईना, पूर्ण समजला, तिच्यासाठी वाचनाची सुरुवात तेथूनच झाली आहे, आणि तिच्यापुढे लगेच कादंबरी ठेवण्याची घाई मी करणार नाही.

हे सर्व करणारी ग्रंथपाल चळवळी आहे, असा शेरा अधूनमधून ऐकू येतो. सोलापुरात या शब्दाने घाबरण्याचे कारण नसावे. 1930 साली मार्शल लॉ अनुभवलेल्या आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांच्या नावाने चौक ओळखणाऱ्या या गावात, त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत होते, हे मी दर जानेवारीत मुलांना आवर्जून सांगते. तरीही माझ्या खोलीत मी घोषणा देत नाही आणि देऊ देत नाही. माझे आंदोलन टेबलावर चालते. परस्परविरोधी मतांची वृत्तपत्रे तेथे शेजारी शेजारी राहतील, कोणाच्या सांगण्यावरून त्यांतील एकही उचलले जाणार नाही, आणि ज्याला जो ग्रंथ हवा त्याला तो कशासाठी हवा हे मी विचारणार नाही, एवढाच माझा आग्रह असतो. एका वृत्तपत्राची वर्गणी बंद करा, मग आम्ही ग्रंथालयाला दोन कपाटे देऊ, असे एकदा सुचवण्यात आले होते. सुचवणारे कोण हे येथे सांगण्याची गरज नाही. कपाटांची आम्हांला निकड होती आणि ती आजही आहे.

भाषेविषयीही लिहिणे आवश्यक आहे. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या ग्रंथालयात झालेल्या छोट्या कार्यक्रमात टाळ्या वाजवणाऱ्यांत मातृभाषा तेलुगू व उर्दू असणारेच अधिक होते. सोलापूरची मराठी यांच्या तोंडी वाढली आहे. माझा अनुभव असा की, ज्या आजीला तेलुगू पुस्तक मिळते ती नातीसाठी मराठी पुस्तक हक्काने मागून नेते. आणि जिला आपल्या भाषेतील काहीच मिळत नाही ती दारातूनच परत जाते. सध्या तेलुगू पुस्तकांचा आमचा साठा म्हणजे हैदराबादला जाऊन येणाऱ्या नातेवाइकांनी आणलेल्या प्रती. सीमेवरच्या जिल्ह्यांतील ग्रंथालयांना शेजारभाषांतील ग्रंथखरेदीसाठी वेगळी तरतूद करावी, यासाठी शासनाला फार मोठा निधी लागणार नाही.

तपासणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाती नमुना असतो आणि नमुन्यात रकाने असतात. दाखल ग्रंथ किती, सभासद किती, वर्गणी किती, देवघेव किती, हे पाहणे आवश्यकच आहे, कारण केवळ कागदावर चालणारी ग्रंथालये आहेत हे आम्हां सर्वांना माहीत आहे आणि त्यांची नामुष्की प्रामाणिक संस्थांनाही सोसावी लागते. राज्यातील ग्रंथालयांच्या 2012 सालच्या पडताळणीनंतर नवी मान्यता व दर्जावाढ दीर्घकाळ थांबली, तेव्हा चांगले काम करणारी 'ड' वर्ग ग्रंथालयेही तेथेच अडकली. पण वीस बायकांनी मिळून ऐकलेले पुस्तक आजच्या नमुन्यात देवघेवीची एकच नोंद ठरते, आणि नेले नाही तर तीही नाही. उलट, सभासदाने घरी नेऊन न उघडता परत केलेले पुस्तक वाचन म्हणून मोजले जाते. प्रकट वाचन, ग्रंथालयात बसून झालेले वाचन आणि प्रत्यक्ष दार उघडे असलेले तास, यांसाठी नमुन्यात जागा केली, तर बनावट नोंदी करणेही अवघड होईल, कारण ग्रंथालय उघडे होते की नाही हे वस्तीतील कोणालाही विचारून कळते.

पैसा कोठून आणायचा हा प्रश्न आपण विचाराल. आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की कर्नाटक लागते. तेथे मालमत्ता कराबरोबर सहा टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो. तो वेळेवर ग्रंथालयांपर्यंत पोहोचत नाही अशा तक्रारी तेथेही आहेत, म्हणून मी त्या व्यवस्थेला आदर्श म्हणत नाही. तरीही ग्रंथालय ही पाणी व दिवाबत्तीसारखी नागरी सेवा आहे, हे तेथील करपावतीवर छापलेले असते. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. नागरी भागांपुरता का होईना, त्याचा विचार व्हावा, आणि तो होईपर्यंत 'ड' वर्गातील ग्रंथपालाचे वेतन एकूण अनुदानाच्या टक्केवारीत न बांधता ग्रंथालय उघडे राहण्याच्या तासांशी व किमान वेतनाच्या दराशी जोडावे. अनुदानाचे हप्ते निश्चित तारखांना मिळावेत हीदेखील विनंती आहे, कारण वृत्तपत्र विक्रेता महिन्याच्या महिन्याला दारात येतो.

तपासणीच्या नमुन्यात वर सुचवलेल्या तीन नोंदी समाविष्ट करण्यासाठी माझ्या समजुतीप्रमाणे कायदा बदलावा लागणार नाही, आपल्या विभागाचे परिपत्रक पुरेसे ठरावे. ते पुढील तपासणीपूर्वी निघावे, अशी विनंती आहे. प्रकट वाचनाची नोंदवही आम्ही आमच्यापुरती सुरू केली असून तिचा नमुना या पत्रासोबत पाठवत आहे. पत्राची एक प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनाही देत आहे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल
पूर्व भाग, सोलापूर