खांद्याला नकोशी झालेली पर्स

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला, प्रवासासाठी पर्स कशी निवडावी याबद्दलचा लेख वाचला. त्यात आधी सुरक्षिततेबद्दल लिहिलं आहे आणि मग आरामाबद्दल, जणू एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही. मी बॅगा आणि पर्सा दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर जे येतं ते बघता या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत, म्हणून हे पत्र.

चोरीला गेलेली पर्स दुरुस्तीला येत नाही, हे उघडच आहे. येते ती तिच्या जागी घेतलेली नवी. पट्टा आखूड करून द्या, आतून एक चोरकप्पा शिवून द्या, असं काम असतं आणि ते होईपर्यंत आधीच्या पर्सची हकीगत कानावर पडते. पट्टा ब्लेडने कापला, असं क्वचितच कोणी सांगतं. बहुतेक जणींची तक्रार एकाच वळणाची असते. खांदा भरून आला होता, म्हणून पर्स जरा बाजूला ठेवली. कोणी शेजारच्या खुर्चीवर, कोणी सामानाच्या ट्रॉलीत, कोणी स्वच्छतागृहाच्या दारामागच्या हुकाला. पर्स अंगावर असताना तिला कोणी हात लावला नव्हता. ती जड झाली, काचायला लागली, अंगावरून उतरली आणि मग गेली.

तेव्हा दुकानात शिरल्यावर आधी रिकामी पर्स हातात घेऊन तोलून बघावी. चामड्याची मध्यम आकाराची पर्स, वर धातूच्या कड्या आणि साखळ्या, म्हणजे आत काही न भरताच किलोच्या आसपास जाते. त्याच मापाची नायलॉनची खूपच हलकी भरते. चामडं टिकतं, मला ते शिवायलाही आवडतं, पण दिवसभर पायी हिंडायचं असेल तर मी ते सुचवत नाही. आणि चामड्यासारखं दिसणारं पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, थर दिलेलं कापड तर कुठल्याच प्रवासाला नको. दमट हवेत तो थर हळूहळू कमजोर होतो. नुसती कपाटात ठेवलेली पर्ससुद्धा पापुद्रे सोडायला लागते आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही. नायलॉनच्या लेबलवर ‘५००डी’ असं काहीतरी छापलेलं असतं. तो डेनियर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तसा धागा जाड. पर्सला चारशे-पाचशे पुरे होतात. हजाराच्या पुढचं कापड मोठ्या सामानाच्या बॅगांना शोभतं, खांद्यावर त्याचं नुसतं ओझं.

यापुढचा सगळा खेळ पट्ट्याचा आहे. दीड सेंटिमीटर रुंदीचा पट्टा जे वजन खांद्यात रुतवतो, तेच वजन चार सेंटिमीटरचा पट्टा अडीच पटींहून जास्त जागेवर पसरवतो. फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शानेलने १९५५ साली आपल्या प्रसिद्ध पर्सला खांद्यावर अडकवायची साखळी दिली. बाईचे हात मोकळे झाले, ही मोठी गोष्ट खरीच, पण भरलेल्या पर्सला बारीक साखळी लावून प्रवासाला निघालेल्यांच्या खांद्यावरचे वळ मी पाहिले आहेत. पट्ट्याची कड बोटाने चाचपून बघा. काही नायलॉन पट्ट्यांची कड करवतीसारखी असते आणि उकाड्यात ती मानेला सोलून काढते. पट्टा गळ्यातून तिरपा घातल्यावर पर्स कमरेच्या हाडापाशी, किंचित पुढच्या बाजूला आली पाहिजे, हात सहज तिच्यावर विसावेल अशी. मांडीवर आपटणारी पर्स चालताना मागे सरकते आणि पाठीमागची पर्स कोणाच्या हाती लागते ते आपल्याला दिसत नाही.

आता मुख्य जागा. पट्टा पर्सला जिथे जोडलेला असतो तिथलं अस्तर चिमटीत धरून बाहेर ओढा आणि आतली शिवण बघा. पट्ट्याचं टोक दुमडून, मागे जाड कापडाचा तुकडा लावून, चौकोनात फुली अशी शिवण घातलेली असेल तर ती पर्स घ्यावी. एकच सरळ शिवण, तीही नुसती वरच्या कापडातून गेलेली, म्हणजे ती माझ्याकडे येणार. मग कडी बघा. तार वाकवून केलेल्या कडीला सांध्याशी फट असते. वजन पडलं की ती फट उघडते आणि पट्टा अलगद निसटतो. सांधा जोडून घेतलेली कडी हवी. ओतीव धातूचे चकचकीत फिरते हूक तर एका हिसक्यात तुटतात. हूक किंवा कडी बदलून घेणं हे दुरुस्तीतलं सगळ्यात सोपं काम आहे. नवी पर्ससुद्धा प्रवासाआधी खुशाल घेऊन यावी.

चेनबद्दल लेखात कुलपाचा सल्ला आहे. नायलॉनच्या गुंडाळीदार चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसलं की दात फाकतात आणि जोडीने कुलूपबंद केलेले दोन्ही रनर एकत्र पुढेमागे सरकवले की चेन पुन्हा जशीच्या तशी मिटते. कुलूप आपल्या जागीच राहतं. सामानाच्या बॅगेला हा धोका आहे. अंगावरच्या पर्सला पेनचा नाही, गर्दीत हळूच रनर ओढणाऱ्या दोन बोटांचा धोका आहे. त्यासाठी कुलूप नको. बंद केल्यावर रनर ज्यात अडकवता येईल अशी छोटी कडी किंवा क्लिप पर्सच्या कडेला असली की काम झालं. चेन मिटली की रनर पुढच्या बाजूला, आपल्या हाताखाली यावा. चेन पाच नंबरची घ्या, म्हणजे मिटल्यावर दातांची रुंदी साधारण पाच मिलिमीटर. तीन नंबरची बारीक चेन भरलेल्या पर्सला फार दिवस पुरत नाही. नुसत्या चुंबकाच्या बटणावर मिटणारी पर्स प्रवासाला अजिबात नको. ती कोणालाही उघडता येते, शिवाय हॉटेलच्या खोलीचं चुंबकीय पट्टीचं कार्ड त्या बटणाजवळ राहिलं तर बाद होऊ शकतं.

पट्ट्यात पोलादी तार घालून द्या, असं सांगणारे आता वाढले आहेत. तारेचा पट्टा ब्लेडला दाद देत नाही हे खरं. पण रस्त्याच्या कडेने चालताना मोटारसायकलवरच्या माणसाने पर्स ओढली, तर न तुटणाऱ्या पट्ट्यासोबत आपणही फरफटत जातो. त्यामुळे मी आधी विचारतो, फिरणं कुठे आहे? खच्चून भरलेल्या गाड्या आणि बाजार असतील तर तार ठीक. वाहत्या रस्त्यांवरून चालणं असेल तर साधा पट्टा, पर्स रस्त्याच्या उलट बाजूला आणि ओढलीच कोणी तर सोडून द्यायची तयारी. पासपोर्टचा कप्पा अंगाकडच्या बाजूला हवा, हे लेखात आहे आणि ते अगदी बरोबर आहे.

‘आरएफआयडीपासून संरक्षण’, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबूनच कार्ड वाचणाऱ्या चोरांपासून संरक्षण, असं लिहिलेल्या खास अस्तराच्या पर्सचं मला हसू येतं. टॅप करून पैसे देण्याचं कार्ड जेमतेम चार सेंटिमीटरवरून वाचलं जातं, प्रत्येक व्यवहाराला नवा संकेतांक तयार होतो आणि मागे छापलेला तीन आकडी क्रमांक त्यातून जातच नाही. त्या अस्तराने बिघडत काही नाही, पण त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. ते पैसे चांगल्या शिवणीला द्यावेत.

त्यापेक्षा अस्तराचा रंग बघा. काळ्या अस्तरात काळा फोन आणि काळं पाकीट शोधायला पर्स उघडी धरून, मान खाली घालून उभं राहावं लागतं, तेही नेमकं तिकीट खिडकीपाशी. फिकट अस्तर हवं. कप्पे मोजकेच, तीन-चार. दहा कप्प्यांच्या पर्समध्ये पासपोर्ट कुठे ठेवला ते आठवेना, की माणूस एकेक कप्पा चाचपत बसतो आणि कुठल्या कप्प्यापाशी चेहरा सैल पडला ते बघणाऱ्याला कळतं.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकेची जागा पर्समध्येच ठेवावी लागते, कारण ती तपासणीला सोपवलेल्या सामानात चालत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, विमानातल्या सर्वसाधारण १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते, पण ती भरते बरीच जड. तेव्हा पर्स घेताना आपला फोन, पॉवर बँक, पाण्याची बाटली, चष्मा, सगळं घरून न्या, त्यात भरा आणि दुकानात चार चकरा मारा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

बॅगा बनवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे, ती आपल्या पत्रातून पोहोचली तर बरं. लेबलवर लांबी, रुंदी, उंची छापता, तसंच रिकाम्या पर्सचं वजन, पट्ट्याची रुंदी आणि चेनचा नंबरही छापा. आणि आपल्याला विनंती, पुढच्या वेळी पुरवणीत रंगीबेरंगी पर्सांचे फोटो द्याल तेव्हा त्यांतली निदान एक आतून उलटी करून, पट्ट्याच्या सांध्यासकट दाखवा.

आपला,
बॅगा दुरुस्त करणारा एक वाचक