ताण घालवण्याचा वर्ग ड्युटीच्या वेळेतच हवा

महोदय,

मी गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. कंपनीने कामगारांसाठी ताणव्यवस्थापनाचा ऑनलाइन कार्यक्रम सुरू केला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण वर्ग भरतो संध्याकाळी साडेसातला, तोही इंग्रजीतून. त्या वेळी दुसऱ्या शिफ्टवाले मशीनवर असतात आणि डिचोली-साखळीहून सकाळच्या शिफ्टला येणारे, पहाटे चारला उठलेले, डोळे मिटत बसलेले असतात. विश्रांतीच्या वेळेतून कापून घेतलेला वर्ग ताण कमी कसा करणार?

ऑनलाइन पद्धत निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. विचारांची नोंद ठेवणे, श्वासाचे व्यायाम, झोपेचे वेळापत्रक या गोष्टींचा उपयोग होतो; मात्र आठवड्यातून एकदा तरी विचारपूस करणारा समुपदेशक मागे असला तर जास्त. नुसते ॲप हाती दिले की बहुतेक जण मध्येच सोडतात. ब्रिटनमधील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. असे वैयक्तिक कार्यक्रम घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा सुखी असल्याचे त्यात दिसले नाही. कामाचे तास, आयत्या वेळी बदलणारे ड्युटीचे वेळापत्रक, लागोपाठच्या रात्रपाळ्या तशाच राहिल्या, तर वेगळे काय होणार?

माणसाच्या आधाराचे महत्त्व गोव्याला नवीन नाही. ‘संगाथ’ या आपल्याच संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेले समुपदेशक नेमून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत केली. त्याचे चांगले निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आरोग्य केंद्रात जमले ते कारखान्यात का जमू नये?

कामगार आयुक्तांनी यात लक्ष घालावे. वर्ग पगारी वेळेत, कोकणी-मराठीतून व्हावेत. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी मोफत, चोवीस तासांची सेवा २०२२ पासून आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक कॅन्टीनच्या फलकावर लागावा. आणि कोण वर्गाला बसला, काय बोलला, हे व्यवस्थापनाला कळता कामा नये. बढतीच्या वेळी ते आपल्या विरोधात जाईल या धास्तीने, ज्याला रात्रभर झोप लागत नाही तोच गप्प राहतो.

– एक कामगार, डिचोली