निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर विसंबू नका

संपादक महोदय,
स. न.

घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्या नवशिक्याच्या हाती बहुतेक वेळा पहिल्यांदा ‘झोआ’ म्हणजे झोअँथिड, प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव, पडतात. बटणाएवढे पॉलिप (वसाहतीतला एकेक जीव), दगडी सांगाडा नाही, पसरतात झपाट्याने, आणि निळ्या एलईडीखाली हिरवे-केशरी असे पेटतात की नजर हटत नाही. त्यांच्याबरोबर दुकानातून एक सल्लाही मिळतो : निळा दिवा लावा आणि वाढवता येईल तेवढा वाढवा. या सल्ल्यापायी चांगल्या धडधाकट वसाहती पांढऱ्या पडून मरतात, म्हणून हे पत्र.

आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत तीक्ष्ण असतो. ४५० नॅनोमीटरच्या गडद निळ्याला तो जेमतेम दाद देतो. लक्स मीटरही डोळ्याच्याच हिशोबाने बनवलेला. प्रवाळाच्या कामाचा प्रकाश मोजायचा तो ‘पार’मध्ये, म्हणजे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांच्या मायक्रोमोलमध्ये. साध्या पांढऱ्या एलईडीखाली १०० पार असेल तर लक्स मीटर साडेसहा-सात हजार दाखवतो. तेवढाच पार निव्वळ गडद निळ्याखाली असेल तर काटा ७००-९०० वरच थांबतो. टाकी अंधारी वाटते, माणूस दिव्याची टक्केवारी चढवतो आणि खाली पॉलिप भाजत असतात. मोबाइलमधल्या लक्स अ‍ॅपचा इथे काडीचा उपयोग नाही. जुन्या धाटणीचे काही पार मीटरही निळा कमी मोजतात. त्यामुळे मीटर पूर्ण वर्णपटाच्या सेन्सरचाच हवा, आणि तो चार-पाच जणांनी मिळून घेतला तरी चालतो, कारण रोज लागत नाही.

निळाच का, हेही नीट सांगायला हवे. झोआंच्या पेशींत सहजीवी शैवाल राहते आणि त्यातली हरितद्रव्ये साधारण ४३० ते ४६० नॅनोमीटरचा प्रकाश उत्तम शोषतात. पाण्यात लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच संपतो आणि निळा खोलवर पोहोचतो, त्यामुळे ही जुळणी निसर्गातलीच आहे. रंगांची गोष्ट मात्र वेगळी. पॉलिपमधली प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा पिवळा बाहेर टाकतात. झोअँथस प्रजातीतले असे एक पिवळे प्रथिन १९९९ साली शास्त्रज्ञांनी वेगळे केले. त्याचा प्रकाश ५३८ नॅनोमीटरला सर्वाधिक असतो. म्हणजे झळाळी हा निळ्या दिव्याचा देखावा आहे, तब्येतीचा दाखला नव्हे. कोकण किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर झोअँथिड भर उन्हात, मळकट तपकिरी-हिरव्या रंगात, उत्तम जगतात.

६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी धरा. दिवा पाण्यापासून २०-२५ सेंटिमीटर वर. गडद निळा (४४५-४५५) आणि निळा (४६५-४७५) हे मुख्य, जांभळा (४००-४२०) त्याहून कमी, पांढरा १० टक्क्यांच्या आसपास, लाल-हिरवा जवळपास बंद. झोआ जिथे बसणार त्या उंचीवर ८० ते १२० पार पुरतो. मध्यभागी एकदाच मोजून थांबू नका, चारही कोपऱ्यांत मोजा. अरुंद भिंगाच्या दिव्याखाली मध्यात कोपऱ्याच्या दुपटीहून जास्त पार भरणे नेहमीचेच. नवा तुकडा, म्हणजे वसाहतीतून कापून आणलेला भाग, तळाशी, ५०-६० पारमध्ये आठवडाभर ठेवा, मग वर न्या. दिवा नवा असेल तर ३५-४० टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला ५ टक्केच वाढवा. निळा १० तास, पांढरा मधले ४-५ तास. रात्री पूर्ण अंधार. ‘चांदणे’ म्हणून रात्रभर निळा जळत ठेवू नये.

पॉलिपचे देठ लांब होऊन माना वर काढू लागले, तर प्रकाश कमी पडतोय. चटईसारखे चपटे बसले, कडा आक्रसल्या, रंग फिका झाला, तर जास्त. पण बंद पॉलिपचा दोष दर वेळी दिव्यावर टाकू नका. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलेल्या ‘स्वच्छ’ पाण्यात झोआ विरघळतात. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (दशलक्षात तेवढे भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, क्षारता ८-९ डीकेएच (क्षारतेचे एकक), घनता १.०२५, तापमान २५-२६ अंश ठेवा.

रोज दहा मिनिटे पांढरा दिवा पूर्ण लावून पाहणी करा. झोआ खाणारी समुद्री गोगलगाय ज्या पॉलिपला खाते त्याचाच रंग घेते. निळ्या उजेडात ती पॉलिपच्या कडेला चिकटलेली असूनही दिसत नाही. तिची अंडी, पांढुरकी गुंडाळी, बहुधा वसाहतीच्या खालच्या बाजूला असते. नव्या तुकड्याला टाकीत सोडण्यापूर्वी आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि त्याचा तळ ब्रशने पाण्याखालीच घासा.

पाण्याखालीच, कारण काही झोअँथिडांत, विशेषतः त्यांच्यातल्या पॅलिथोआ या गटात, पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असते. त्याला उतारा नाही. खडक उकळणे, त्यावर गरम पाणी ओतणे, बाहेर काढून घासणे यांतून वाफ वा तुषार उडतात आणि अख्खे घर आजारी पडू शकते. हातमोजे आणि चष्मा घाला, कापताना तुकडा पाण्यात ठेवा, वापरलेले पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. विक्रेत्यांपैकी फार थोडे हे सांगतात, याची खंत वाटते.

त्यांना दोन विनंत्या. दिव्याच्या खोक्यावर वॉट छापलेले असतात. त्यासोबत २०, ३० आणि ४० सेंटिमीटर अंतरावरचा पार, मध्याचा आणि कडेचा, लिहून द्यावा. आणि किनाऱ्यावरून खरवडून आणलेला माल विकू नये. झोआ ज्या खडकावर बसलेले असतात तो दगडी प्रवाळाचा निघाला, तर त्या प्रवाळाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. गिऱ्हाइकानेही तुकडा कुठल्या टाकीत वाढवला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

— एक सागरी मत्स्यालयप्रेमी, ठाणे