कोड वाचला म्हणजे बिघाड सापडला असं नाही

संपादक महोदय,

तीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतोय. परवा एक गाडी आली. दुसरीकडे धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर नवा बसवला होता, तरी इंजिनाचा दिवा विझेना. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड 'पी ०१७१', म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. बॉनेट उघडून कान दिला तर बारीक फुसफुस! व्हॅक्यूमच्या रबरी नळीला नखाएवढी चीर, तिथूनच जास्तीची हवा आत शिरत होती. जुना सेन्सर खरं तेच सांगत होता.

शिकाऊ पोरांच्या हाती आपण स्कॅनर देतो, पण वीज मोजायचा मल्टिमीटर धरायला, नळी चाचपायला शिकवत नाही. महिनोन्‌महिने ती फक्त ऑइल बदलतात, पाने पुसतात. त्यांना बिघडलेली गाडी द्या, कारण सापडेपर्यंत एकही भाग बदलू देऊ नका आणि उस्तादाने शेजारी उभं राहावं. परीक्षाही अशाच गाडीवर घ्या.

– एक मेकॅनिक