बोट इकडे, क्लिक तिकडे

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. लॅपटॉपला टचचा मोठा मॉनिटर जोडलास, बोट मॉनिटरवर टेकवतोस आणि क्लिक होतं लॅपटॉपवर. मग कॅलिब्रेशन (पडद्यावरच्या फुल्या दाबून बोट आणि पॉइंटरची जागा जुळवणं) चालवलंस, तर होतं तेही बिघडलं. आता मॉनिटर परत करायचं तुझ्या मनात आहे. थांब जरा. तो मॉनिटर बहुधा ठणठणीत आहे, आणि कॅलिब्रेशनचा या दुखण्याशी फारसा संबंध नाही.

त्या मॉनिटरच्या मागे बघ. एक वायर एचडीएमआयची, दुसरी यूएसबीची. पहिलीतून चित्र जातं, दुसरीतून बोटाची खबर येते. दोन्ही एकाच खोक्यात शिरतात हे तुला दिसतं, कॉम्प्युटरला दिसत नाही. त्याच्या हिशेबी यूएसबीवर एक टच आहे आणि दुसरीकडे कुठेतरी एक मॉनिटर आहे, बस्स. (यूएसबी-सीची एकच केबल असली तरी आतून या दोन गोष्टी वेगवेगळ्याच धावतात.) त्यात टचची काच पिक्सेलमध्ये बोलत नाही. ती आपली रुंदी, समजा, ० ते ३२७६७ अशी मोजते आणि ‘बोट १६३८४ वर आहे’ एवढंच कळवते. म्हणजे मधोमध. पण कुठल्या पडद्याच्या मधोमध? ते काचेलाही माहीत नसतं. मग विंडोज बहुतेक वेळा मुख्य डिस्प्ले धरून चालतं, आणि तुझा मुख्य डिस्प्ले आहे लॅपटॉप.

म्हणून कामं दोन आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुठली काच कुठल्या पडद्याची ते सांगायचं. कॅलिब्रेशन त्यानंतर, तेही लागलं तरच. जोडी चुकलेली असताना कॅलिब्रेशन करणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या अंगावर बेतून घेणं. तू दाबलेले बिंदू भलत्याच पडद्याच्या नावावर जमा झाले असणार.

तर आता असं कर. कंट्रोल पॅनलमध्ये ‘टॅबलेट पीसी सेटिंग्ज’ उघड. टच जोडलेला असू दे, नाहीतर ते तिथे दिसणारच नाही. आधी डिस्प्लेच्या यादीतून एकेक पडदा निवडून ‘रीसेट’ दाब, म्हणजे जुनं कॅलिब्रेशन पुसलं जाईल. मग वरचं ‘सेटअप’ दाब. पेन की टच असं विचारलं तर टच. एकेक पडदा पांढरा होईल आणि हा टचचा असेल तर हात लावा, नसेल तर एंटर दाबा, अशी सूचना येईल. इथेच लोक गडबडतात. सूचना लॅपटॉपवर आली की त्यांचा हात आपोआप मॉनिटरकडे जातो, आणि विंडोज समजतं की ही काच लॅपटॉपचीच. सूचना ज्या पडद्यावर असेल त्याचाच विचार करायचा. लॅपटॉपवर आली की कीबोर्डवर एंटर, मॉनिटरवर आली की बोट. तुझं काम बहुतेक इथेच संपेल.

एक सावधगिरी: यूएसबीचं पोर्ट बदललं की ही जोडी मोडू शकते. पुढेमागे अगदी तसलाच दुसरा टच मॉनिटर घेतलास तर दोन्ही काचा कॉम्प्युटरला सारख्याच दिसतील, तेव्हा केबलींवर आताच चिठ्ठी लावून ठेव.

तुझ्या त्या लिनक्सच्या मशीनवर गंमत वेगळी आहे. तिथे पडद्यावर चित्र दाखवायची जुनी एक्स११ पद्धत असेल तर ती मुख्य डिस्प्ले वगैरे बघत नाही, सगळे पडदे मिळून एकच लांब पाट समजते आणि काच त्या अख्ख्या पाटावर ताणते. सारख्या मापाचे दोन पडदे शेजारी ठेव आणि टचच्या बरोब्बर मध्यावर बोट लाव, पॉइंटर दोघांच्या शिवेवर जाऊन बसेल. असं झालं की निदान पक्कं.

यावर ‘एक्सइनपुट’ची ‘मॅप-टू-आउटपुट’ ही आज्ञा आहे. तिला टचचा क्रमांक आणि आउटपुटचं, म्हणजे मॉनिटर ज्या जोडणीवर आहे तिचं, नाव दिलं की झालं. क्रमांक मशीन पुन्हा चालू केल्यावर बदलू शकतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये उपकरणाचं नावच लिही. ही आज्ञा आतून काय करते ते मला फार आवडतं. समजा डावीकडे १३६६ पिक्सेलचा लॅपटॉप, उजवीकडे १९२० चा टच, एकूण रुंदी ३२८६. टचचा वाटा १९२० भागिले ३२८६, म्हणजे ०.५८४३. त्याची सुरुवात १३६६ भागिले ३२८६, म्हणजे ०.४१५७. काचेने दिलेली जागा ० ते १ मध्ये धरून तिला पहिल्याने गुणायचं, दुसरा मिळवायचा. डाव्या कडेवर बोट ठेवलं तर ०.४१५७, बरोब्बर जिथे मॉनिटर सुरू होतो तिथे. उजव्या कडेवर दोघांची बेरीज १. एवढाच गुणाकार-बेरजेचा हिशेब नऊ आकड्यांच्या चौकटीत मांडला की झालं मॅट्रिक्स. वेलँडवर, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, असशील तर या आज्ञेचा उपयोग नाही, तिथे जोडी डेस्कटॉपच्याच सेटिंगमध्ये लावावी लागते.

आता खरं कॅलिब्रेशन. पूर्वीच्या रेझिस्टिव्ह पडद्यांना ते लागायचंच. दाबल्यावर दोन थर टेकायचे, व्होल्टेजवरून जागा ठरायची, आणि वयाने, तापमानाने ती सरकायची. हल्लीच्या कपॅसिटिव्ह काचेत इलेक्ट्रोडांची जाळी पक्की बसवलेली असते, ती सहसा हलत नाही. म्हणून जोडी नीट लागूनही चुकतंय असं वाटलं तर आधी चूक कशी आहे ते बघ. सगळीकडे सारखंच सरकलेलं असेल तर खुशाल कॅलिब्रेट कर, फक्त यादीतून योग्य डिस्प्ले निवडून. मध्यावर बरोबर आणि कडेकडे वाढत जाणारी चूक असेल तर ओव्हरस्कॅनचा संशय घे. मॉनिटर टीव्हीसारखा चित्र फुगवून कडा कापत असेल, ते त्याच्याच मेनूत बंद कर. डावं-उजवं उलटं किंवा आडवं-उभं अदलाबदल झालेलं दिसलं तर पडदा फिरवलाय आणि काचेला ते कळलेलं नाही. या शेवटच्या दोन चुका कॅलिब्रेशनच्या फुल्या दाबून सुटत नाहीत, उलट झाकल्या जातात.

सेटअप झालं की टचच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यावर बोट लावून बघ आणि प्रत्येक वेळी पॉइंटर कुठे गेला ते लिहून पाठव. मॉनिटरचं खोकं तोवर फेकू नकोस, पण परत करायची घाईही नको.

तुझाच,
दोस्त