तळमजल्यावरच्या अंकलना, पावाबद्दल

प्रिय अंकल,

समोरासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही हात झटकता आणि नारळाच्या भावावर येता. म्हणून हे उघड पत्र. तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेलच. शिवाय ज्यांचा ब्रेड मेकर माळ्यावर जायच्या बेतात आहे, त्यांच्याही नजरेस पडेल.

नणंदेनं हौसेनं दिलेल्या त्या मशीनमध्ये मी दिवाळीनंतर पाच ब्रेड केले. पाचही विटा. तिसरा तर लेकानं दाराला अडकण म्हणून लावून दाखवला. ज्याला विचारावं तो सांगायचा, यीस्ट जुनं असेल. मी दोन दुकानांतून दोन पाकिटं आणली, दर वेळी अर्धा चमचा वाढवत नेला. घरभर आंबूस वास सुटायचा आणि ब्रेड आपला बसका तो बसकाच.

पाचवी वीट गेटबाहेरच्या गाईला द्यायला निघाले होते, तेव्हा लिफ्टपाशी तुम्ही अडवलंत. ती हातात घेऊन अंगठ्यानं दाबलीत, मोडलीत, नाकाशी धरलीत. "यीस्ट मेलें न्हय, मारलां," म्हणालात आणि चपला न घालताच वर आलात. चाळीस वर्षं पावाच्या भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस माझ्या ओट्यापाशी उभा, आणि ओट्यावर खरकटी भांडी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तुमचं लक्ष फक्त नळाकडे.

मी पाणी सोलरच्या नळाचं घेत होते. थंडीचे दिवस, पुस्तिकेत 'कोमट' लिहिलेलं, माझ्या मते ते कोमटच होतं. तुम्ही दोन वाट्या मांडल्यात. एकीत माझं पाणी, दुसरीत तुम्ही बोट बुडवून ठरवलेलं. दोन्हींत चमचाभर साखर आणि त्याच पाकिटातलं यीस्ट. दहा मिनिटांत तुमच्या वाटीवर ताक घुसळल्यासारखा फेस चढला. माझ्या वाटीत तळाशी राखाडी गाळ, बाकी काही नाही. नंतर मी पाकासाठी घेतलेला थर्मामीटर सोलरच्या पाण्यात घातला, तर 58 अंश! यीस्टला 35 ते 40 अंश मानवतात, साठीच्या आसपास ते मरतंच. म्हणजे पाकिटं दोन्ही चांगली होती आणि मी दर रविवारी इमानेइतबारे त्यांचा जीव घेत होते.

मला वाटलं, झालं, सापडलं. तुम्ही मात्र मशीन लावायला लावलंत आणि मळणं सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी सरळ झाकण उघडलंत. मी ओरडलेच. तोवर मी त्या झाकणाला प्रेशर कुकरसारखी भीत होते. मळताना उघडलं तर काही बिघडत नाही, फुगताना आणि भाजताना उघडायचं नाही, एवढं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं. आत कोरडा गोळा धपाधप आपटत होता, कोपऱ्यांत पीठ तसंच. "हात घाल गो भितर," म्हणालात. घातला, तर लाडू वळायला घेतल्यासारखं घट्ट.

दोष कपाचा निघाला. मी डब्यात कप खुपसून दाबून भरत होते. काट्यावर एक कप 155 ग्रॅम भरला. तुम्ही चमच्यानं हलकेच भरून वर सुरी फिरवलीत, तर 125. तीन कपांत 90 ग्रॅम पीठ जास्त, पाणी मात्र पुस्तिकेतलं तेवढंच, 240 मिली. त्यात निम्मी चक्कीची कणीक, म्हणजे कोंडा अजून पाणी पिणार. एवढ्या घट्ट गोळ्यात यीस्टनं जिवंत असून तरी काय करावं? तुम्ही एकेक चमचा पाणी घालत गेलात, सहाव्या चमच्याला गोळा भांड्याच्या कडा सोडून पात्याभोवती गुळगुळीत फिरायला लागला. चपातीच्या कणकेपेक्षा जरा सैल, पण पुरणपोळीच्या कणकेइतका नाही. हे माप मी आता कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलंय. कप कायमचा गेला, काटाच वापरते. रात्री टायमर लावायचा तर मीठ तळाशी पाण्यात आणि यीस्ट अगदी वर कोरड्या पिठातल्या खळग्यात, हेही त्याखालीच लिहिलंय.

खरं सांगायचं तर त्या दिवशीची सगळ्यात छान गोष्ट पुढच्या दोन तासांतली. पीठ फुगेपर्यंत तुम्ही वडिलांच्या गोव्यात बार्देशातल्या भट्टीच्या गोष्टी सांगत बसलात. तिथे यीस्टचं पाकीट नव्हतंच, माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवायचं. सकाळी सायकलवर टोपली, पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा, आणि त्या आवाजावर उघडणारी दारं. सूर ताजी आहे का, हे वडील नुसत्या वासावरून सांगायचे म्हणालात. माझ्या विटेला तुम्ही नाक का लावलंत, ते मला तेव्हा कळलं.

एका बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. तुम्ही माझ्या मशीनला 'डबो' म्हणता आणि त्यातल्या ब्रेडला ब्रेड मानत नाही. मान्य, भट्टीतल्या उंड्याचं, त्या गोल पावाचं, कवच त्याला येणार नाही. पण सकाळी सहाला भाजल्याच्या वासानं जाग येते, ती मला या डब्यानंच दिली आहे.

आणि मानत नाही म्हणता, तर तळाला पात्याचं भोक पडलेला तो तुकडा दर रविवारी मागून कोण घेतं? या रविवारचा बाजूला ठेवलाय. लोणी तुम्ही आणा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची