कुठल्या ओळीवर अडलात?

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परवा पदवीचा निकाल लागला. गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्ही विषयांत पास झाले. आपली प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही, पण माझ्या वह्या तपासताना तुम्ही समासात लिहीत आलात, ते तुमचं अक्षर मी कुठेही ओळखेन. दूरशिक्षणात वर्ग नसतो, शेजारच्या बाकावर कुणी नसतं. रात्री सगळे झोपल्यावर पुस्तक उघडायचं आणि अडलं की भिंतीकडे बघत बसायचं. अशा वेळी समासातल्या दोन ओळी माणसाला किती पुरतात, हे इतरांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

पहिल्याच वर्षी मी सोडून द्यायला निघाले होते. एकविसाव्या वर्षी हातातून सुटलेलं गणित बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा धरलं आणि डिफरेन्शियल इक्वेशन्सपाशी, म्हणजे बदलाच्या दराच्या समीकरणांपाशी, गाडी रुतली. "मला हे झेपत नाही, नाव काढून घेते," असं तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर आलं: "कुठल्या ओळीवर अडलात? त्या पानाचा फोटो पाठवा." फोटो पाहून तुम्ही दाखवून दिलंत की समीकरण मी बरोबर मांडलं होतं, चलंही नीट वेगळी केली होती. छेदात वाय आणि (1 − वाय) यांचा गुणाकार होता, त्याचे दोन सोपे अपूर्णांक करायची रीत तेवढी मी विसरले होते. आंशिक अपूर्णांक! कॉलेजातला जुना धडा. तुम्ही त्याचीच सहा गणितं पाठवलीत. दोन संध्याकाळी लागल्या आणि अख्खं प्रकरण मोकळं झालं. तोवर मी सगळा दोष वयाला देत होते.

लंबकाचा प्रयोग तर मी जन्मात विसरणार नाही. घरीच करायचा होता: दोरी, धातूचा गोळा, मोबाइलमधलं घड्याळ. 98 सेंटिमीटर दोरीला 20 दोलनांसाठी 40.1 सेकंद लागले. गुरुत्व त्वरण आलं 9.62 मीटर प्रति सेकंद वर्ग, हवं होतं 9.8 च्या आसपास. मी खाली लिहून टाकलं, "हवेच्या विरोधामुळे फरक." शिवाय पाच वेगवेगळ्या लांबींची मापं घेऊन आवर्तकालाचा (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला आणि रेषा ओढूनताणून आरंभबिंदूतून नेली, कारण सूत्र तसं सांगतं.

तुम्ही लाल शाईत विचारलंत, "हवेमुळे खरंच दोन टक्के फरक पडेल? आकडा काढून बघा. आणि रेषेला तिच्या वाटेनं जाऊ द्या."

जाऊ दिली. ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे छेदत होती, उणे 2 सेंटिमीटरच्या अगदी जवळ. मी बराच वेळ त्या बिंदूकडे बघत राहिले. मग उठून गोळा मोजला. व्यास 4 सेंटिमीटर! दोरी मी गोळ्याच्या माथ्यापर्यंत मोजली होती आणि लांबी धरायची असते त्याच्या मध्यापर्यंत. चूक प्रत्येक मापात सारखीच असल्यामुळे रेषेच्या चढाला तिचा धक्काही लागला नव्हता; चढावरून त्वरण काढलं तर 9.8 च्या जवळच आलं. माझ्या पाचही मापांत ती चूक स्वच्छ लिहिलेली होती आणि मीच ती पट्टीनं झाकून टाकली होती. त्या रात्री मला भौतिकशास्त्र आवडायला लागलं. त्याआधी मी फक्त त्याचा अभ्यास करत होते.

गणितात माझा लाडका शब्द होता "उघडच आहे". सलग वक्राला कुठे ना कुठे स्पर्शिका, म्हणजे त्याला एका बिंदूत टेकून त्याच्याच दिशेनं जाणारी सरळ रेषा, असणारच, हे उघडच आहे, असं मी एकदा लिहिलं. तुम्ही शब्द अधोरेखित करून जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास यांनी 1872 मध्ये मांडलेलं फल (फंक्शन) काढून बघायला सांगितलंत. कोसाइनच्या लाटांची बेरीज: प्रत्येक पुढची लाट उंचीला निम्मी आणि तेरापट दाट. चार पदांपर्यंत काढून पाहिलं, तर रेघेवर काटे उगवत गेले. पदं अशीच अनंतापर्यंत मिळवली तर सलगपणा कुठेच तुटत नाही आणि स्पर्शिका मात्र एकाही बिंदूला सापडत नाही. सोबत तुम्ही हेही लिहिलं होतंत की ते वायरश्ट्रास कितीतरी वर्षं शाळेत शिकवत होते आणि बर्लिनला विद्यापीठात शिकवायला गेले 1856 मध्ये, चाळिशी गाठल्यावर. ती ओळ मी कापून टेबलासमोर चिकटवली आहे.

तुम्हाला एका वेळी किती उत्तरपत्रिका तपासाव्या लागत असतील, याची आता कल्पना येते. तरीही माझी एकही वही नुसत्या गुणांनिशी परत आली नाही. प्रत्येकीवर एक प्रश्न असायचाच. त्या प्रश्नांसाठी मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात क्वांटम मेकॅनिक्स सुरू होतंय. तपासणारे आता दुसरे कुणी असतील. सवयीनं पानाच्या डावीकडे चार बोटं समास सोडते आहे.

तुमची विद्यार्थिनी